ऑफिसातली गाण्यांची बैठक: एक आवडतं, एक गुपचूप

ऑफिसात कुणालाही ‘आवडतं गाणं कुठलं?’ असं विचारलं की चारचौघांत शोभेल असंच नाव पुढे येतं. जुनं, नावाजलेलं, कुणी बोट ठेवणार नाही असं. तोच माणूस संध्याकाळी गाडीवर जाताना किंवा रात्री इअरफोन लावून वेगळंच ऐकत असतो. नव्वदच्या दशकातलं रडकं कॅसेटगीत, वरातीतलं रिमिक्स, मालिकेचं शीर्षकगीत, लहान मुलांचं बडबडगीत, हिंदीत डब झालेल्या तेलुगू सिनेमातलं नाचगाणं. ही दोन्ही गाणी एकाच बैठकीत ऐकायची, एवढाच हा कार्यक्रम. बहुतेक ठिकाणी तो दुसऱ्या गाण्यापाशी फसतो. एकजण फिदीफिदी हसतो, आणि पुढचे सगळे आपलं खरं गाणं गिळून सभ्य गाणं लावतात. मग उरतात त्या नुसत्या गाण्यांच्या भेंड्या.

लपवलेलं गाणं बाहेर यायला भरवसा लागतो. ‘मोकळेपणानं बोला’ असं सांगून तो येत नाही. पहिलं गाणं कुणाचं, किती सेकंद वाजवायचं, नावं कुणाकडे द्यायची, आवाजाचं बटण कुणाच्या हातात, असल्या बारीक गोष्टी आधी ठरल्या की तो आपोआप येतो. सोलापुरात यात आणखी एक पदर आहे. होटगी रोडवरचं सीएचं ऑफिस घ्या, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं गारमेंट युनिट घ्या किंवा बँकेची शाखा घ्या. एका टेबलाभोवती मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारी माणसं बसलेली असतात. गाण्यांच्या बैठकीसाठी याहून चांगलं शहर शोधून सापडणार नाही. पण त्यासाठी थोडी वेगळी तयारी करावी लागते.

माणसं आणि मिनिटं

आठ ते बारा माणसं उत्तम. सहाच्या खाली गेलं की लाजणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. पंधराच्या वर गेलं की शेवटच्या चौघांच्या वेळी लोक घड्याळ बघायला लागतात. स्टाफ तीसचा असेल तर तीन गट करा. विभागानुसार करू नका, मिसळून करा. अकाउंट्सवाले अकाउंट्सवाल्यांची गाणी रोजच ऐकतात.

बारा जणांचा हिशोब असा. आवडतं गाणं ६० सेकंद, त्यावर बोलायला ३० सेकंद, पुढचं लावायला १५ सेकंद, म्हणजे एकाचे पावणेदोन मिनिटं आणि बारा जणांचे २१ मिनिटं. गुपचूप गाणं ९० सेकंद, बोलायला ६० सेकंद, बदलायला १५ सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटं आणि बारा जणांचे ३३ मिनिटं. एकूण ५४ मिनिटं. सुरुवातीला नियम सांगायला सहा मिनिटं धरली की बरोबर एक तास होतो. पूर्ण गाणी वाजवायची ठरवली तर चोवीस गाण्यांना दीड तासाच्या वर जातं आणि बोलणं संपतंच. गाणं घरी पुरं ऐकता येतं. इथे त्याची ओळख व्हायला हवी.

गुपचूप गाण्याला मुद्दाम जास्त वेळ दिला आहे. लावणाऱ्याची पहिली तीस सेकंदं अवघडण्यातच जातात, ती ओसरली की त्याचा चेहरा सैल होतो. साठ सेकंदांत गाणं बंद केलं तर तो फक्त अवघडलेपण घेऊन खाली बसतो.

दिवस

शुक्रवार किंवा शनिवारची दुपार, चहाच्या सुट्टीला जोडून. करसल्लागारांच्या आणि व्यापारी ऑफिसात दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे जाते, ते दोन दिवस आणि त्यांच्या आदले दिवस सोडा. मार्च तर अख्खाच सोडा. संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची, गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी निम्मी माणसं रजेवर असतात आणि उरलेल्यांना लवकर निघायचं असतं. १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांच्या बलिदानाचा दिवस. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली गेली. त्या दिवशी नाचगाण्यांची बैठक नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काही ठेवू नका. पंखे पूर्ण वेगानं सोडावे लागतात आणि पंख्यांच्या घरघरीत गाण्याचे शब्द हरवतात.

गाणी गोळा करणं

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. आवडती गाणी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवली तरी चालतात. गुपचूप गाणी मात्र ग्रुपवर कधीही मागवू नका. पहिल्या माणसानं काय टाकलं ते बघून बाकीचे आपलं बदलतात, आणि कुणीतरी हसणारी इमोजी टाकली की खेळ तिथेच संपला. ही गाणी एकाच माणसाकडे, खासगी निरोपानं द्यायची. त्याला आपण यादीवाला म्हणू.

यादीवाला कोण असावा? साहेब नको, एचआर नको, आणि ऑफिसातला सगळ्यात विनोदी माणूस तर अजिबात नको. ज्याच्या पोटात गोष्ट राहते असं सगळे मानतात तो घ्या. बऱ्याच ठिकाणी ही पावती लिहिणारी मॅडम किंवा स्टोअरचा माणूस असतो.

निरोप असा पाठवा:

‘नमस्कार. शनिवारी ४ वाजता गाण्यांची बैठक आहे. मला दोन गाणी पाठवा. एक, जे तुम्ही सगळ्यांना अभिमानानं ऐकवाल. दुसरं, जे तुम्ही एकटे असताना ऐकता. दोन्हींची लिंक आणि कुठल्या सेकंदापासून लावायचं ते लिहा. दुसऱ्या गाण्यासोबत एक पर्यायी गाणंही द्या. बुधवारपर्यंत मनात आलं तर बदलू शकता. नाव जाहीर करायचं की नाही तेही कळवा.’

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. नुसतं नाव मागितलं तर घोटाळा होतो, कारण एकाच नावाची पाच गाणी असतात. लोकगीतांची तर वेगवेगळ्या गायकांनी वेगवेगळ्या कंपन्यांसाठी गायलेली रूपं असतात. एकाला कोरसवालं हवं असतं आणि आपण डीजेवालं लावतो. सेकंद मागायचा तो वेगळ्या कारणानं. आपल्याकडच्या सिनेगीतांत मुखड्याआधीचं वाद्यसंगीत बऱ्याचदा अर्ध्या मिनिटाचं असतं. साठ सेकंदांतली तीस त्यातच गेली तर गाणं सुरू व्हायच्या आत संपतं. कुणाला नेमका तो सुरुवातीचा तुकडाच आवडत असेल तर प्रश्नच नाही, पण निवड त्याची असू द्या. पर्यायी गाणं असलं की ऐनवेळी धीर सुटलेल्या माणसाला कुणाच्या लक्षात न येता माघार घेता येते. यादीवाल्यानं फक्त दुसरी लिंक लावायची.

ऑफिसचे मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी, गेटवरचा वॉचमन यांना वगळू नका. त्यांना लिंक पाठवायला सांगू नका, त्यांच्याशी बोला. बरेचदा गाण्याचं नाव माहीत नसतं, एखादी ओळ आठवत असते. ती ओळ देवनागरीत जशीच्या तशी यूट्यूबवर टाका. सापडलं नाही तर गुगल ॲपमधल्या माइकवर टिचकी मारून ‘गाणं शोधा’ निवडा आणि त्यांना दहा-पंधरा सेकंद चाल गुणगुणायला सांगा. सिनेगीतं पुष्कळदा सापडतात. जुनी जत्रेतली किंवा ओवीवजा गाणी सापडत नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतः दोन ओळी म्हटल्या तर त्याहून चांगलं काही नाही. गाणं सापडलं की दहा सेकंद ऐकवून ‘हेच का?’ हे विचारून घ्या. बैठकीत चुकीचं रूप वाजलं तर मावशी ‘चालतंय की’ म्हणतील आणि त्यांचं गाणं राहूनच जाईल.

गुप्त ठेवायचं असेल तर

गाणं कुणाचं ते ओळखायचा खेळ रंगतो. यादीवाला नाव न सांगता गाणं लावतो, सगळे चिठ्ठीवर अंदाज लिहितात, मग गाण्याचा मालक, म्हणजे ज्यानं ते दिलं तो, हवं तर हात वर करतो. पण सोलापुरात यात एक खाच आहे. बारा जणांत तेलुगू बोलणारा एकच असेल आणि तेलुगू गाणं वाजलं तर ते गुप्त राहिलंच नाही, पहिल्या सुरालाच सगळे त्याच्याकडे वळून बघणार. कन्नड आणि कव्वालीचंही तेच. तेव्हा यादी हाती आल्यावर यादीवाल्यानं आधी भाषा मोजायच्या. एखाद्या भाषेचं एकच गाणं आणि त्या भाषेचा एकच माणूस असेल, तर त्याला खासगीत विचारायचं: उघड सांगून लावू का, की पर्यायी लावू? दुसरा उपाय आधीच करता येतो. निरोपातच लिहा की गुपचूप गाणं आपल्या घरच्या भाषेतलं नसलं तरी चालेल. खरं तर सोलापुरात तसं ते पुष्कळदा नसतंच. मराठी घरातली मुलं तेलुगू सिनेमाच्या गाण्यांवर नाचत मोठी झालेली आहेत, आणि तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरांत मराठी लावणी तोंडपाठ असलेली माणसं भेटतात. असं एखादं गाणं निघालं की ओळखण्याचा खेळ खरा रंगतो.

गुगल फॉर्म वापरणार असाल तर सेटिंगमध्ये ईमेल पत्ते गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना ते तपासा. फॉर्म ऑफिसच्या खात्यातून बनवू नका. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर गाणी शोधताना ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा. नाहीतर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये स्क्रीन जोडल्यावर यूट्यूब कुणाचं गुपित सुचवत बसेल ते सांगता येत नाही.

गाण्याची भाषा येत नसेल तर

कन्नड किंवा तेलुगू गाणं लागलं की बाकीचे नम्रपणे ऐकतात आणि विसरून जातात. हे टाळायचा साधा उपाय आहे. गाणं लावण्याआधी मालकानं मुखड्याचा अर्थ एका वाक्यात मराठीत किंवा हिंदीत सांगायचा, फक्त मुखड्याचा, अख्ख्या गाण्याचं भाषांतर नको. ‘ती म्हणते, बाजारला जातोस तर मला बांगड्या आण, नाहीतर येऊच नको’ इतकं कळलं तरी पुढची नव्वद सेकंदं माणसं शब्दांकडे कान लावून बसतात. दखनीला हेही लागत नाही, ती सोलापूरकराच्या कानाला सरावाची आहे.

ओळखीची चाल आणि अनोळखी शब्द, असा पूल इथे उत्तम चालतो. ‘सैराट’ (२०१६) हा सिनेमा याच जिल्ह्याचा: दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. त्याचा कन्नड अवतार २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’ नावानं आला, नायिका तीच आणि अजय-अतुल यांच्या चालीही त्याच. मराठी गाणं तीस सेकंद आणि लगेच कन्नड तीस सेकंद असं लावलं की दोन्ही बाजूचे लोक एकदम गायला लागतात. बैठकीच्या मध्यावर लोक सुस्तावतात, तेव्हासाठी हे हाताशी ठेवा.

काय लावू नये

इथे यादीवाल्याला थोडं कठोर व्हावं लागतं. जातीची किंवा धर्माची उणीदुणी काढणारं, कुणाला धमकावणारं, पक्षाच्या प्रचाराचं गाणं नाही म्हणजे नाही. डीजेवर वाजणारी काही गाणी ऐकताना नुसती अभिमानाची वाटतात, पण तिसऱ्या कडव्यात दुसऱ्यांना डिवचतात. म्हणून शंका असलेलं गाणं यादीवाल्यानं पूर्ण ऐकावं, फक्त मुखडा ऐकून परवानगी देऊ नये.

भक्तिगीत, भीमगीत, बसवेश्वरांचं वचन, नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गीत), अभंग हे ‘गुपचूप’च्या रांगेत कधीच घालू नका. ती माणसाची आवडती गाणी असतात, काहींसाठी त्याहून बरंच काही. आवडत्याच्या फेरीत त्यांना मानानं जागा द्या. ती वाजत असताना कुणी बोलणार नाही, चेष्टा करणार नाही, हे सुरुवातीला स्पष्ट सांगा. कुणी स्वतःच असं गाणं दुसऱ्या फेरीसाठी दिलं तर त्याला हळूच विचारा की पहिल्या फेरीत घेऊ का.

द्वयर्थी गाण्यांचं काय? लावणीत शृंगार असतोच, तो काढून टाकला तर लावणी उरत नाही, आणि कवन रचणाऱ्या शाहीर राम जोशींच्या गावात तिला आडकाठी करणं बरोबर नाही. पण कामाच्या ठिकाणी एक रेघ पक्की हवी. गाणं कुणाकडे बघून, कुणाचं नाव घेऊन, कुणाला उद्देशून लावायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक रोखाचे शेरेही छळात मोडतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ‘गंमत होती’ हे उत्तर तिथे चालत नाही. ज्या गाण्याच्या शब्दांत नुसती बाईच्या शरीराची मोजदाद आहे ते यादीवाल्यानं मालकाला परत करावं आणि पर्यायी लावावं. याची जाहीर चर्चा करू नये.

आवाजाची व्यवस्था

लॅपटॉपच्या स्पीकरवर बारा जणांना गाणं ऐकू येत नाही. ढोलकी, हलगी, बास सगळं नाहीसं होतं. पंधरा बाय वीस फुटांच्या खोलीला १० ते २० वॉटचा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. त्याला वायरची सोय असेल तर ३.५ मिलिमीटरची ऑक्स वायरच वापरा. ब्लूटूथची अडचण अशी की दुसऱ्या कुणाचा आधी जोडलेला फोन मध्येच स्पीकर पकडतो आणि त्याची रिंगटोन वाजते. ब्लूटूथच वापरायचं असेल तर एकच यंत्र जोडा, बाकीच्यांना त्यांच्या फोनवरचं ब्लूटूथ बंद करायला सांगा. फोनला ऑक्सची जागा नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो. तो आदल्या दिवशी त्याच फोनला लावून बघा. सगळे कन्व्हर्टर सगळ्या फोनला चालत नाहीत, काहींत आवाजच येत नाही. गाणी फोनवरून लावणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा, नाहीतर ऐन सुरात गिऱ्हाइकाचा फोन येतो.

स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवू नका. बास वाजला की पत्रा थरथरतो आणि स्पीकर फाटल्यासारखं वाटतं. खोलीच्या कोपऱ्यातही नको, दोन्ही भिंतींमुळे बास घुमतो आणि शब्द गढूळ होतात. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, लाकडी टेबलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा. टेबल हलकं असेल तर खाली जाड टर्किश टॉवेलची घडी घाला. तो सोलापुरात कुठल्याही ऑफिसात निघेल.

आवाज किती? सगळ्यात मागच्या खुर्चीवर फोनमधल्या ध्वनिमापक ॲपनं ६५ ते ७० डेसिबल दिसला की पुरे. साधं बोलणं साधारण ६० असतं. गाण्यावर शेजाऱ्याशी न ओरडता बोलता आलं पाहिजे. फोनचं ॲप दोन-चार अंक चुकतं, पण अंदाजाला ठीक. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे, ती बाहेरच्या आवाजाला लागते. खिडक्या बंद केल्या तर शेजारच्या दुकानदाराची तक्रार यायचं कारण नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये माग चालू असताना हा कार्यक्रम करू नका. तिथे शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं, त्यावर गाणं चढवायला गेलं तर कानाचं नुकसान होतं. माग बंद असण्याची वेळ बघा किंवा वाइंडिंग-पॅकिंगच्या खोलीत बसा.

वेगवेगळ्या काळातल्या गाण्यांचा आवाज सारखा नसतो, हे विसरल्यामुळे दचकायची वेळ येते. जुनं ध्वनिमुद्रण हळू, रिमिक्स जोरात. यूट्यूब जास्त मोठ्या आवाजाची गाणी खाली आणतं, पण हळू असलेली वर नेत नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलींना तर काहीच हिशोब नसतो. म्हणून आवाजाच्या बटणावर एक माणूस कायम बसवा आणि प्रत्येक गाणं शून्यापासून दोन सेकंदांत वर न्या. संपवतानाही असंच हळूहळू खाली. गाणं कचकन तोडलं की मालकाला आपलं बोलणं तोडल्यासारखं लागतं.

जाहिराती हा मोठा रसभंग. पैसे भरलेलं खातं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लॅपटॉपवर प्रत्येक गाण्याचा वेगळा टॅब उघडा, जाहिरात जाऊ द्या, गाणं ठरलेल्या सेकंदाला आणून थांबवा. एकाच वेळी सहापेक्षा जास्त टॅब नकोत. चार जीबी रॅमचा लॅपटॉप अडखळायला लागतो. क्रोममधला मेमरी सेव्हर त्या दिवसापुरता बंद करा. तो चालू राहिला तर पडून राहिलेला टॅब झोपवला जातो, पुन्हा उघडताना नव्यानं सुरू होतो आणि साबणाची जाहिरात वाजते. वीज जाईल असं धरूनच चला: स्पीकर आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज, वायफायच्या राउटरला बॅकअप नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट तयार.

क्रम

पहिलं गुपचूप गाणं सगळ्यात वरिष्ठ माणसाचं. यात तडजोड नको. साहेबांनी स्वतःचं खरोखर लपवलेलं गाणं लावलं, तर शिकाऊ मुलीला तिचं लावता येतं. त्यांनी भीमसेन जोशींचा ख्याल ‘गुपचूप’ म्हणून पुढे केला तर बाकीचेही तसंच करतात. म्हणून यादीवाल्यानं साहेबांशी आधी एकट्यात बोलावं आणि गाणं पुरेसं खरं नसेल तर तसं आदरानं सांगावं. ‘साहेब, हे सगळ्यांना आवडेल. तुम्ही एकटे असताना लावता ते द्या की’ एवढं पुरतं.

दुसरं गाणं ऑफिसातल्या बिनधास्त माणसाचं, तिसरं शांत पण न घाबरणाऱ्याचं. सर्वात लाजाळू माणसाला चौथ्या ते सातव्या जागेवर ठेवा. शेवटी ठेवलं तर तो तासभर पोटात गोळा घेऊन बसतो. संथ आणि वेगवान गाणी आलटून पालटून. आवडत्यांच्या फेरीतली भक्तिगीतं त्या फेरीच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे त्यांच्यात आणि दुसऱ्या फेरीतल्या नाचगाण्यांत अंतर राहतं. डीजेचं सगळ्यात जोरदार गाणं शेवटून दुसरं. त्याआधी लावलं तर नंतरच्या हळू गाण्याची कत्तल होते.

बैठक चालू असताना

नियम मोजकेच आणि सुरुवातीलाच. गाण्यावर हसायचं नाही, गाण्यासोबत हसायला हरकत नाही. शूटिंग नाही, स्टेटस नाही. फोन टेबलावर पालथे. कुणालाही ओढून नाचायला उठवायचं नाही. आणि ‘पास’ म्हणायचा हक्क सगळ्यांना, कारण न देता.

‘तुला हे का आवडतं?’ असं विचारू नका. या प्रश्नावर माणूस बचाव करायला लागतो, गाण्याचे गुण सांगतो किंवा ‘असंच’ म्हणून थांबतो. त्याऐवजी ‘पहिल्यांदा कुठे ऐकलं?’ असं विचारा. मग पंढरपूरच्या एसटीतला ड्रायव्हरचा टेप निघतो, गड्ड्यातल्या पाळण्याशेजारचा भोंगा निघतो, विडी वळताना आईनं लावलेला रेडिओ निघतो. या एका बदलानं बैठकीचा सगळा पोत बदलतो. ‘शेवटचं कधी लावलं होतं?’ हाही चांगला प्रश्न. उत्तर बऱ्याचदा ‘आज सकाळी’ असं येतं.

कुणी हसलंच तर बैठक चालवणाऱ्यानं रागावू नये, त्याला लगेच विचारावं: ‘तुमचं पुढचं ना?’ एवढ्यानं भागतं. दुसऱ्यांदा झालं तर चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोला, सगळ्यांदेखत नको. एखाद्या गाण्यावर कुणाचे डोळे भरून आले, कारण ते गेलेल्या वडिलांचं गाणं होतं, तर गाणं हळू करा, पाणी द्या आणि थांबा. पुढचं ठरलेलं रिमिक्स असेल तर क्रम बदला. ‘अरे रडतोस काय’ म्हणणाऱ्याला हातानं गप्प करा. कुणी वेळेच्या वर बोलत राहिलं, आणि ते बहुधा साहेबच असतात, तर पुढच्या गाण्याचे सूर हळूच सुरू करणं हा सगळ्यात सभ्य उपाय.

खाणं बैठकीनंतर. चिवड्याची पाकिटं, भडंग, शेंगाचटणीसोबत मोडलेली कडक भाकरी, सगळ्यांचा आवाज होतो आणि बोलणारा गडबडतो. चहा मात्र चालू राहू द्या. हातात कप असला की लाजणाऱ्या माणसाला नजर ठेवायला जागा मिळते.

नंतरची यादी

लोक दुसऱ्याच दिवशी ‘ते गाणं कुठलं होतं?’ विचारतात. आवडत्या बारा गाण्यांची प्लेलिस्ट सरळ ग्रुपवर टाका. गुपचूप गाण्यांची टाकण्याआधी प्रत्येकाला पुन्हा विचारा, आणि होकार आला तरी गाण्यासमोर नाव लिहू नका. खोलीत सांगितलेलं नाव आणि ग्रुपवर लिहिलेलं नाव यांत फरक आहे, लिहिलेलं पुढे पाठवता येतं. प्लेलिस्ट कुणाच्या वैयक्तिक खात्यावर बनवली असेल तर ती ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. गोळा केलेले निरोप आणि अंदाजाच्या चिठ्ठ्या यादीवाल्यानं त्याच दिवशी नष्ट कराव्यात.

हाच कार्यक्रम स्नेहसंमेलनात, हॉटेलात किंवा हॉल घेऊन करणार असाल तर ध्वनिमुद्रित गाण्यांच्या जाहीर वादनासाठी पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने लागतात का, ते हॉलमालकाला बुकिंग करतानाच विचारा. काही जागांकडे ते आधीच असतात, काही ठिकाणी आयोजकाला काढावे लागतात. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे तिथेही आलंच.

पुढची बैठक तीन-चार महिन्यांनी. लवकर घेतली तर लोक गाणी शोधून आणायला लागतात आणि ती गुपचूप राहत नाहीत. नवा माणूस रुजू झाला असेल तर त्याला पहिल्या बैठकीत फक्त आवडतं गाणं मागा. दुसरं तो स्वतः आणून देईल तेव्हाच घ्या.